हिवाळ्यातली अमेरिका : तिकिटाआधी मोजे पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळ्यात अमेरिका-कॅनडाचे विमानभाडे उतरते, तेव्हा दोघा मित्रांनी पाठीवर सॅक टाकून तिकडची शहरे पाहून यावीत, अशा आशयाचा मजकूर आपल्या पर्यटन पुरवणीत वाचला. सल्ला योग्यच आहे. नाताळ आणि नववर्षाची गर्दी ओसरली की जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत विमान, हॉस्टेल, बस हे सगळे एरवीपेक्षा स्वस्त मिळते. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारच्या सुट्टीचे दोन-तीन दिवस तेवढे टाळावेत. पण त्या मजकुरात तिकिटांवर तीन परिच्छेद होते आणि थंडीवर एकच वाक्य : ‘पुरेसे गरम कपडे सोबत असावेत.’ मुंबईत जन्म काढलेल्या मुलामुलींना या वाक्याचा काहीही उपयोग नाही. इथे पारा पंधराच्या खाली क्वचित जातो. जानेवारीत रात्रीचे सरासरी तापमान न्यूयॉर्कला उणे २-३, शिकागोला उणे ७-८ आणि मॉन्ट्रियलला उणे १३-१४ असते. गरम कपडे म्हणताच आपली मुले एक जाडजूड जाकीट आणतात, आतून सुती गंजी घालतात आणि पहिल्याच दिवशी कुडकुडतात.

थंडी बाहेरून जितकी लागते तितकीच घामातूनही लागते. पाठीवर बारा किलोची सॅक घेऊन स्टेशनपासून हॉस्टेलपर्यंत वीस मिनिटे चालले की उणे दहातही पाठ भिजते. सुती कापड तो घाम धरून ठेवते, माणूस सिग्नलला थांबतो आणि दोन मिनिटांत पाठ बर्फासारखी होते. म्हणून अंगालगतचा थर पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचाच हवा. आपल्याकडे दुकानात थर्मल म्हणून जे मिळते त्यातले बरेच सुती किंवा सूतमिश्रित असते. लेबल वाचल्याशिवाय घेऊ नये. माणशी दोन जोड पुरतात : एक अंगात, एक हॉस्टेलच्या पलंगाच्या दांडीवर. रात्री धुतलेला सकाळी वाळलेला असतो, कारण तिथली खोलीतली हवा हीटरमुळे कमालीची कोरडी असते. मधला थर फ्लीसचा, म्हणजे मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा. सर्वांत वरचा थर वारा आणि पाणी अडवणारा, डोक्यावर टोपी असलेला आणि कमरेखाली उतरणारा. आणि चालायला लागण्याआधी वरच्या थराची चेन अर्धी उघडावी. पहिली पाच मिनिटे किंचित गार वाटले तर समजावे, कपडे बरोबर आहेत.

हा वरचा कोट आणि बूट मुंबईत विकत घेऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. इथे उणे पंधराला टिकणारा माल कमी, किंमत जास्त आणि वजन सामानात मोजले जाते ते वेगळेच. तिकडे गुडविल, कॅनडात व्हॅल्यू व्हिलेज अशा जुन्या वस्तूंच्या दुकानांत चांगले कोट अगदी कमी पैशांत मिळतात. नवे घ्यायचे तर न्यूयॉर्क शहरात घ्यावे. तिथे ११० डॉलरच्या आतल्या कपड्यांवर आणि पादत्राणांवर विक्रीकर नाही. एरवी तो ८.८७५ टक्के आहे आणि छापील किमतीत धरलेला नसतो. हीच खरेदी क्विबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियलच्या प्रांतात, केली तर जवळपास १५ टक्के कर वर चढतो. विमानतळावरून दुकानापर्यंत पोहोचायला आतला थर, फ्लीस, पावसाळ्यातले विंडचीटर आणि माकडटोपी एवढे पुरते. माकडटोपीची लाज बाळगू नये. मॉन्ट्रियलमध्ये बँकेत जाणारी माणसेही तोंड झाकूनच चालतात.

आता पाय. लोक सर्वाधिक फसतात ते इथे. बर्फ पडून दुसरा दिवस उजाडला की फुटपाथच्या कोपऱ्यावर, रस्ता ओलांडायच्या नेमक्या जागी, राखाडी लगदा साठतो. वरून तो घट्ट दिसतो. पाय टाकला की घोट्यापर्यंत मिठाचे गार पाणी. जाळीचे स्पोर्ट्स शूज असतील तर तो दिवस तिथेच संपला. आपले पावसाळी गमबूटही नकोत : आत अस्तर नसते आणि थंडीत रबराचा तळ कडक होऊन घसरतो. बूट घोट्याच्या वर जाणारे, आतून उबदार, जलरोधक आणि नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्यावेत. आत पातळ मोजा आणि त्यावर एकच लोकरी मोजा घालून बोटे मोकळी हलली पाहिजेत. दोन जाड मोजे कोंबले की रक्तपुरवठा दबतो आणि पाय उलट अधिक गार पडतात. संध्याकाळी बुटांतले आतले तळवे काढून बाहेर ठेवावेत, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि तासा-दोन तासांनी ते बदलावेत. खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर बूट ठेवले तर डिंक सुटतो, चामडे तडकते.

रस्त्यावरचे मीठही सर्वत्र काम करत नाही. साधे मीठ उणे दहाच्या आसपास निकामी व्हायला लागते, म्हणून अधिक थंड शहरांत वाळू-खडी टाकतात. डांबर ओले आणि काळे दिसत असेल आणि पारा शून्याखाली असेल तर तो पारदर्शक बर्फ आहे असे समजूनच पाऊल टाकावे. लहान पावले, पूर्ण तळवा टेकवून, हात खिशाबाहेर. बुटांवर चढवायचे काट्यांचे पट्टे मिळतात, ते जवळ असावेत. मात्र मेट्रो स्टेशनच्या गुळगुळीत फरशीवर ते आधी काढावेत, कारण तिथे तेच पाडतात. शिकागोच्या उंच इमारतींखाली बर्फ कोसळण्याचा इशारा देणाऱ्या पाट्या फुटपाथवर मांडलेल्या दिसतील. तिथे थांबून वर बघू नये, बाजूने जावे.

मार्गाबद्दलही आपल्या मजकुरात एक मोठी त्रुटी आहे. न्यूयॉर्क–नायगरा–टोरांटो हा आपल्या लोकांचा आवडता मार्ग बफेलोवरून जातो. बफेलोलगतचे ईरी सरोवर गोठण्याआधी त्याचे पाणी तुलनेने उबदार असते. त्यावरून कोरडा, अतिथंड वारा आला की तो बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर चिंचोळ्या पट्ट्यात बर्फ ओततो. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये सहा फुटांहून अधिक बर्फ पडला, आणि त्याच वर्षी नाताळात आलेल्या वादळात तिथे डझनावारी माणसे दगावली. हा पट्टा इतका अरुंद असतो की काही किलोमीटरवर ऊन असते, म्हणून शहराचा सर्वसाधारण अंदाज पाहून निघणे पुरेसे नाही. ईरी हे पंचमहासरोवरांत सर्वांत उथळ. फेब्रुवारीपर्यंत बहुधा त्याचा बराच भाग गोठतो आणि हा त्रास कमी होतो. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी न्यूयॉर्कहून बसने थेट मॉन्ट्रियल गाठावे, तिथून रेल्वेने पाचेक तासांत टोरांटो, आणि नायगरा टोरांटोकडून पाहावा. शिकागो शेवटी ठेवावे.

दोन शहरांमध्ये एक दिवस मोकळा सोडणे ही चैन नाही. हिमवादळाची चाहूल लागली की विमान कंपन्या एक-दोन दिवस आधीच विनाशुल्क तारीख बदलण्याची सवलत जाहीर करतात. ती लगेच घ्यावी, कारण उड्डाण प्रत्यक्ष रद्द झाल्यावर शेकडो लोक त्याच जागांमागे असतात. हवामानामुळे अडकल्यास हॉटेलचा खर्च सहसा आपल्यालाच करावा लागतो. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटे एकाच दिवशी जोडली आणि पहिले विमान चुकले, तर दुसऱ्याचे पैसे बुडाले.

रात्रीच्या बसने हॉस्टेलचे एका रात्रीचे भाडे वाचते, हा हिशेब उन्हाळ्याचा आहे. अमेरिकेत अनेक शहरांतली बसस्थानके बंद झाली असून बस रस्त्याच्या कडेला सोडते. पहाटे पाचला, उणे बारात, दोन सॅका घेऊन उभे राहायचे आणि हॉस्टेलची खोली दुपारी तीनला मिळायची. सामान ठेवून बैठकीच्या खोलीत बसू देतील का, हे हॉस्टेलला आधी लिहून विचारावे. नसेल तर दिवसाची बस घ्यावी. सीमेवर सगळ्यांना सामानासह उतरवतात. कोट आणि हातमोजे सॅकच्या तळाशी असले तर तिथे हाल होतात.

शहरात दिवस छोटा असतो. डिसेंबरात मॉन्ट्रियल आणि शिकागोला सव्वाचार-साडेचारला सूर्य मावळतो. बाहेरची ठिकाणे अकरा ते तीन, बाकी वेळ छपराखाली, अशी आखणी करावी. मॉन्ट्रियलचे तीसेक किलोमीटरचे भुयारी जाळे रेझो, टोरांटोचे तेवढेच पाथ, शिकागोचे पेडवे यांतून बरेच मध्यवर्ती शहर कोट हातात घेऊन फिरता येते. पण पाथ हे कचेऱ्यांसाठीचे जाळे आहे. शनिवार-रविवारी तिथली दुकाने बहुतांश बंद असतात. फुकट ऊब हवी तर टोरांटोचे ॲलन गार्डन्स हे काचघर आणि कुठल्याही शहराचे मुख्य सार्वजनिक वाचनालय. वॉशिंग्टनला गेलात तर स्मिथसोनियनची संग्रहालये विनामूल्य आहेत. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटचे हिवाळी मोफत दिवस मात्र इलिनॉयच्या रहिवाशांपुरते असतात.

दोघे जाण्याचा खरा फायदा खर्च वाटून घेण्यापलीकडचा आहे. वाऱ्याने नाकाचा शेंडा, गाल, कानाची पाळी गोठू लागते तेव्हा तिथे पांढरट, मेणासारखा ठिपका येतो आणि बधिरपणामुळे दुखणे थांबते. ज्याचा चेहरा त्याला हे कळत नाही. हवामानाच्या ॲपवरचा ‘फील्स लाइक’ (वारा धरून अंगाला जाणवणारी थंडी) आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. अशा दिवशी दर दहा मिनिटांनी एकमेकांच्या तोंडाकडे नीट बघायचे असे ठरवूनच निघावे. ठिपका दिसला की लगेच आत जावे, कोरडा उबदार तळहात त्यावर नुसता टेकवावा. चोळू नये, बर्फ तर मुळीच लावू नये. बोटे असतील तर ती कोमट पाण्यात धरावीत, कढत नाही, कारण बधिर बोटाला भाजलेले कळत नाही. संवेदना परतली नाही किंवा फोड आले तर थेट रुग्णालय. म्हणूनच प्रवासविमा दोघांचा स्वतंत्र आणि पूर्ण हवा.

अडॉप्टर, औषधांची पिशवी, कुलूप दोघांत एक चालेल. कार्ड, सिम आणि पासपोर्टच्या प्रती मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या. न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत, सात दिवसांत साधारण १२ फेऱ्यांइतके भाडे कापले गेले की पुढच्या फेऱ्या फुकट होतात, पण त्या एका कार्डावर एकाच माणसाच्या मोजल्या जातात. एकाच कार्डाने दोघांना आत घेतले तर दुसऱ्याच्या फेऱ्या हिशेबात येत नाहीत. फोन आतल्या खिशात, शरीरालगत ठेवावा. थंडीत बॅटरी चाळीस टक्क्यांवरूनही अचानक मान टाकते. गार पडलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नये. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, कारण शून्याखाली चार्ज केल्याने बॅटरी कायमची खराब होते.

व्हिसाबद्दल थोडक्यात : अमेरिकेचा आणि कॅनडाचा व्हिसा वेगवेगळा लागतो, आणि कॅनडाहून पुन्हा अमेरिकेत यायचे असल्यास अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे तिकीट काढण्याआधी पाहावे.

आपल्या पुरवणीत परदेशी शहरांच्या सहलखर्चाचे तक्ते नेहमी असतात. त्यात प्रत्येक शहरापुढे त्या महिन्याचे रात्रीचे सरासरी तापमान आणि सूर्यास्ताची वेळ असे दोन रकाने वाढवावेत, ही विनंती.

आपले,
प्रवासाची आखणी करून देणारे दोन वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई