गोल्फच्या सहलीत गावालाही दिवस द्यावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उबदार समुद्रकिनाऱ्यांवर गोल्फ खेळायला जाण्याविषयी पर्यटनाच्या पानांवर अलीकडे बरेच लिहून येते, याचा माझ्यासारख्या हौशी खेळाडूला आनंदच होतो. मात्र या मजकुरात मैदानांची नावे, त्यांचे रचनाकार आणि हॉटेलातील सोयी यांवरच भर असतो आणि तिथल्या जुन्या शहरांना, किल्ल्यांना, देवळांना एखाद्या ओळीत उरकले जाते. सहली आखणारेही हाच कित्ता गिरवतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार खेळाडू आणि आमच्यापैकी दोघांच्या पत्नी पोर्तुगालच्या दक्षिणेकडील अल्गार्व किनाऱ्यावर गेलो होतो. आयोजकाने सहा दिवसांत पाच मैदाने ठरवली होती आणि कागदावर तो कार्यक्रम फार भरघोस दिसत होता. परंतु अठरा होलच्या एका फेरीला चार-साडेचार तास सहज लागतात. त्यात जाणे-येणे, आधीचा सराव आणि नंतरची विश्रांती धरली की दिवस तिथेच संपतो. सिल्व्हेसच्या किल्ल्यापाशी आम्ही पोहोचलो तेव्हा दरवाजा बंद होत होता. मुस्लिम राजवटीत या प्रदेशाची राजधानी असलेल्या त्या गावाची तांबड्या दगडाची तटबंदी मावळत्या उन्हात आम्ही बाहेरूनच पाहिली. न खेळणाऱ्या दोघी त्या किल्ल्यासाठी चार दिवस थांबल्या होत्या, याची रुखरुख मला अजून आहे.

त्याच सहलीत एका मैदानावर आम्ही गेलो, तर सगळ्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, करंगळीच्या जाडीची भोके पाडून त्यांत वाळू भरलेली होती. मातीला हवा मिळावी आणि मुळे खोल जावीत म्हणून हे एरेशन करावेच लागते, त्याबद्दल मैदानाला दोष देता येणार नाही. पण पट केलेला, म्हणजे होलकडे हलकेच ढकललेला, चेंडू टणटण उड्या मारत होलपासून दूर जातो तेव्हा इतक्या लांब येण्याचा हेतूच हरवतो. या कामाच्या तारखा मैदानाला आधीच माहीत असतात. आमच्या आयोजकाने त्या विचारल्या नव्हत्या आणि आम्हालाही ते सुचले नव्हते. हिवाळ्यात पिवळ्या पडणाऱ्या बर्म्युडा गवताच्या मैदानांवर शरद ऋतूत हिवाळ्यासाठी राय गवत पेरतात, त्या दिवसांतही खेळावर बंधने येतात, तेव्हा त्याचीही चौकशी केलेली बरी.

ऋतूचा विचार तर मैदानाच्याही आधी व्हायला हवा. व्हिएतनाममध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर उत्तम मैदाने आहेत आणि जवळच होई आन हे 1999 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेले जुने व्यापारी बंदर आहे. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे मुसळधार पाऊस पडतो आणि होई आनच्या नदीकाठच्या गल्ल्यांत पुराचे पाणी शिरते. मॉरिशसला नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ असतो. उष्ण किनाऱ्यांवर पहाटेची टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करण्याची राखीव वेळ, घ्यावी, कारण दुपारी ऊनही चढते आणि समुद्रावरचा वाराही. परंतु पहाटे खेळून भर दुपारी भग्नावशेष पाहायला निघणे हेही शहाणपणाचे नाही, म्हणून गावासाठी वेगळा दिवस राखण्याला पर्याय नाही.

काही स्थळांच्या बाबतीत तर क्रम उलटाच करावा लागतो. स्पेनच्या कोस्टा देल सोलला जाणाऱ्यांना वाल्देरामा हे मैदान ठाऊक असते, कारण युरोप आणि अमेरिका यांच्या संघांतील रायडर कप स्पर्धा युरोपच्या मुख्य भूमीवर पहिल्यांदा 1997 मध्ये तिथे झाली. तिथून ग्रॅनाडाचे अल्हाम्ब्रा हे किल्लेवजा राजवाडा-संकुल पाहायचे असेल, तर त्यातील नासरी या मुस्लिम राजघराण्याच्या राजवाड्यांच्या तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते आणि ती चुकली की आत जाता येत नाही. म्हणून आधी ते तिकीट काढावे आणि मग त्याच्या आगेमागे खेळाचे दिवस बसवावेत.

खरे तर मैदान आणि मुलूख या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. अल्गार्वमधील पेनिना हे मैदान इंग्लंडचे गोल्फपटू हेन्री कॉटन यांनी भातशेतीच्या पाणथळ जमिनीवर उभारले आणि ते 1966 मध्ये खुले झाले. तिथली दाट झाडी पाणी शोषून घेण्यासाठी लावली गेली हे कळले की त्या झाडीत चेंडू हरवल्याचे दुःखही थोडे हलके होते. थायलंडमधील हुआ हिनचे 1924 चे मैदान तिथल्या जुन्या लाकडी रेल्वे स्थानकाला लागून आहे आणि रेल्वे आल्यावर त्या गावाचे रूप कसे पालटले, हे त्या दोन्ही जागा एकत्र पाहिल्यावरच समजते.

नंतर तुर्कस्तानातील बेलेकला जाताना आम्ही सात दिवसांत तीनच फेऱ्या ठेवल्या. एका सकाळी कोणीही गोल्फची बॅग उचलली नाही आणि आम्ही सहाही जण आस्पेंडोसच्या दुसऱ्या शतकातील रोमन नाट्यगृहात सर्वांत वरच्या पायरीवर जाऊन बसलो. खाली रंगभूमीवर उभ्या असलेल्या एका मुलीने साध्या आवाजात काही शब्द उच्चारले आणि ते आम्हाला वर स्पष्ट ऐकू आले. त्यानंतरच्या दोन दिवसांत आमचा खेळही अधिक मोकळा झाला, कारण पाय दमलेले नव्हते.

आपणास विनंती अशी, की अशा ठिकाणांविषयी मजकूर छापताना मैदानांच्या माहितीसोबत पाऊस-वाऱ्याचे महिने, ग्रीनच्या डागडुजीचा साधारण काळ, संग्रहालये व स्मारके यांचे सुट्टीचे वार आणि न खेळणाऱ्या सोबत्यांना पायी किंवा सार्वजनिक वाहनाने जाता येईल अशी स्थळे हेही द्यावे. आयोजकांनीही कार्यक्रमपत्रिकेत खेळाविनाचे दिवस स्पष्ट दाखवावेत. ‘मोकळी दुपार’ असे लिहून ते भागवू नये.

आपला,
एक वाचक