दोन इंची पाइप

मुंबई, रविवार रात्र

प्रिय सुमे,

तुझा निरोप येऊन दीड महिना झाला. ‘सोनूला जहाज मिळालं, सोबत काय काय देऊ?’ मी उत्तर दिलं नाही याची लाज वाटते. दोन ओळींत उरकण्यासारखं ते नव्हतं, आणि फोनवर आपण पुन्हा भांडलो असतो, २०२० च्या मार्चसारख्या. मी बरी आहे. गुडघा आहे तसाच.

त्या भांडणापासूनच सुरुवात करते. १७ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने नौदलातल्या स्त्री अधिकाऱ्यांचा कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत नोकरीचा, हक्क मान्य केला, तू आनंदाने फोन केलास आणि मी विचारलं, ‘जहाजात संडास कुठे?’ तू फोन ठेवलास तो गणपतीपर्यंत उचलला नाहीस. रशियन बनावटीच्या जहाजांवर बायकांसाठी न्हाणीघरं नाहीत, असं सरकारी बाजूने कोर्टात सांगितलं होतं. तुला वाटलं मी त्यांचीच री ओढते. नव्हते गं. कोर्टाने ती सबब झिडकारली ते योग्यच झालं. पण सबब खोटी असली तरी संडास खरा असतो, आणि तो कुणीतरी बांधावा लागतो.

बायका अधिकारी १९९२ पासून आहेत. अधिकाऱ्याला केबिन असते, कडी लावली की निम्मा प्रश्न सुटतो. खलाशाला मेसडेक: एकावर एक बंक आणि सगळ्यांना मिळून एक न्हाणीघर. अग्निवीर म्हणून मुली खलाशी झाल्या, त्यांची पहिली तुकडी २०२३ च्या मार्चमध्ये चिल्काच्या नौदल प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडली. सोनूच्या वाट्याला येणार तो मेसडेक.

तिथलं गणित ऐक. बारा बंकांची खोली मुलींना दिली आणि आल्या पाच, तर सात बंक रिकामे राहतात आणि बाकीचे कुरकुरतात. तेरावी आली तर तिचं काम कितीही चांगलं असो, तिला जागा नाही. म्हणजे किती मुली समुद्रावर जाणार हे भिंत ठरवते. मोठी खोली मध्ये आडभिंत घालून दोन भागांत करायची, प्रत्येक भागाला स्वतःचं दार आणि स्वतःचं न्हाणीघर द्यायचं, हा उपाय आहे. पण आडभिंत घालणं सोपं, पाइप फिरवणं अवघड.

आणि माझी झोप उडवतो तो हा पाइप. नव्या जहाजांवर बहुधा व्हॅक्यूमचे संडास असतात. एका फ्लशला जेमतेम लिटरभर पाणी, बाकी सगळं हवा ओढून नेते. पाइप दोन इंची. त्यात पॅड गेलं की ते फुगतं आणि वळणावर बसतं. एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर त्या लाइनवरच्या सगळ्याच संडासांची ओढ जाते. मग मुख्य पाइपाची एकेक फांदी बंद करत ओढ दाखवणाऱ्या गेजवर नजर ठेवायची. जी बंद केल्यावर काटा पुन्हा सावरतो, तिच्यात दोष. पण पाइप चिंध्यांनी तुंबतो, वाइप्सनी तुंबतो, खारं पाणी फ्लशला असेल तर लघवीच्या क्षाराचा थर चढून आतून अरुंद होतो. तो थर पुरुषांच्या लाइनीतही चढतोच! तरी पहिल्यांदा तुंबलं की कुणीतरी म्हणणार, ‘मुली आल्या म्हणून.’ सोनूला सांग, गप्प बसू नकोस, पाइपातून काय निघालं ते आधी विचार.

मुली पॅड टाकतात कुठे? प्लास्टिक समुद्रात टाकायचं नसतं. झाकणाचा, पायाने उघडणारा, भिंतीला पक्का केलेला डबा हवा (जहाज डुललं की सुटा डबा लवंडतो), आणि तो रिकामा कोण करणार हे ड्युटीच्या तक्त्यावर लिहिलेलं हवं. डबा नसला की पोर पुडी हातात घेऊन अख्ख्या पॅसेजमधून कशी जाईल? ती फ्लशच करते. काही शे रुपयांच्या डब्यावाचून अख्खी लाइन बसते.

आणखी दोन गोष्टी तिला पाठ करायला लाव. आगीत वापरायचा श्वसनाचा मास्क: चेहरा लहान असला तर कडेने गळतो, धूर आत येऊ शकतो, बाटलीतली हवा लवकर संपते. हवा येते ते तोंड तळहाताने झाकून श्वास ओढायचा. मास्क चेहऱ्याला चिकटून दहा सेकंद राहिला तर माप बरोबर. नाहीतर ‘लहान मास्क द्या’ म्हणायचं, पहिल्याच दिवशी, सरावाच्या वेळी नव्हे. आणि लाइफजॅकेटचा मांड्यांमधून येणारा पट्टा सैल ठेवायचा नाही. पाण्यात जॅकेट वर सरकून तोंडावर येतं.

सगळ्यात अवघड गोष्ट पाइपाची नाही, तक्रारीची आहे. बंदरात मुलगी घरी फोन करू शकते. समुद्रात जिच्याविषयी किंवा ज्याच्याविषयी बोलायचं, ते शेजारच्याच टेबलावर जेवत असतात. चिल्काच्या मैत्रिणींशी तिने संबंध तोडू नयेत. तारीख, वेळ, शब्द वहीत लिहून ठेवावेत.

भीती घालत नाही गं. आपल्या देवस्थळींची प्रेरणा २०२३ च्या डिसेंबरात आयएनएस त्रिंकटची कमांडर ठरली, नौदलाच्या युद्धनौकेची सूत्रं हाती घेणारी पहिली बाई. आणि नौदलाची शिडाची नौका तारिणी तर तुमच्या दिवाडीचीच, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. तिच्यावरून सहा जणी २५४ दिवसांत पृथ्वी फिरून गोव्यात परतल्या तेव्हा नानांना एकच काळजी होती, माशाच्या हुमणाविना या राहिल्या कशा! येताना सुकाणू बिघडलं, मॉरिशसला थांबून दुरुस्त केलं. सुकाणू बिघडलं ते यंत्र असतं म्हणून. संडासाला तोच न्याय लागू होऊ दे, एवढंच मागणं.

तुझी कौलं बदलून झाली का? नानांचं मोतीबिंदूचं काय ठरलं? धाकट्याने नोकरी सोडली हे विमलकडून कळलं, तू का नाही सांगितलंस?

सोनूला सुती थैल्या शिवून पाठवते, डझनभर, गडद निळ्या, नाडीच्या. नाडी आतल्या बाजूला घेऊ की बाहेर, तिला विचारून कळव. गुरुवारी पार्सल टाकते.

तुझी,
मंदा