आधी ऊब, मग दूध

टिळकवाडी, बेळगाव
१४ जुलै

प्रिय सदा,

तुझा पुतण्या चिठ्ठी घेऊन आला. तुझी मुधोळी कुत्री व्याली, सात पिल्लं, सगळी जिवंत, हे वाचून बरं वाटलं. पावसात तुमच्या जांबोटीला फोनची रेंज नसते. पुतण्या उद्या सकाळच्या गाडीनं परत निघणार म्हणतो, म्हणून रात्रीच बसून हे लिहितोय. त्याच्याबरोबर थोडं सामानही देतोय: स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा, दोन थर्मामीटर आणि पिवळा बल्ब.

दूध कुठलं द्यायचं यावर तू पानभर लिहिलंस, उबेबद्दल मात्र एक ओळही नाही. तुमच्याकडं आता जमिनीला ओल धरलेली असणार, आणि रात्री पारा २० अंशांच्या आसपास उतरतो. आपल्याला वाकळ पुरते, पिल्लाला नाही. पहिल्या आठवड्यात त्याला कुडकुडतासुद्धा येत नाही. अंगाची ऊब स्वतः धरून ठेवणं त्याला दोन-तीन आठवड्यांनंतरच जमायला लागतं. त्यात मुधोळी म्हणजे पातळ कातडीची, आखूड केसांची जात, अंगावर चरबीचा थर नाहीच.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या अंगाचं तापमान ३५ ते ३७ अंश असतं, मोठ्या कुत्र्यापेक्षा कमीच. ते ३४च्या आसपास उतरलं की आतडी काम थांबवतात. अशा पिल्लाला दूध पाजलं तर ते पोटात तसंच पडून राहतं, पोट फुगतं, दूध उलटून घशाशी येतं आणि श्वासात जातं. म्हणून थंडगार, मलूल पिल्लू दिसलं की दुधाची वाटी घेऊन धावू नकोस. शर्टाच्या आत छातीशी धर, वरून टॉवेल घे आणि तास-दोन तास दम धर. कढत पाण्यात बुडवणं किंवा बल्बखाली नेऊन ठेवणं नको. एकदम तापवलेलं अंगाला सोसत नाही. तोंडात बोट घालून बघ. आतून गार लागलं तर अजून वेळ आहे. जीभ उबदार झाली, बोट चोखायला लागलं, की आईला लाव. शंका आली तर थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल लावून गुदद्वारात अर्धा इंच घालायचा, जास्त नाही.

आता जागा. सोप्यात नको, तिथं वारं आणि शिंतोडे येतात. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात विटांवर फळी टाकून तिच्यावर चार बाय चार फुटांचं लाकडी खोकं ठेव, कडा दीड फूट उंच. आतून चारी बाजूंनी, तळापासून चार इंचांवर आणि भिंतीपासून चार इंच आत, एक दांडी ठोकून घे. बांबूची चालेल. आई भिंतीला टेकून बसते तेव्हा पाठीमागं सापडलेलं पिल्लू त्या फटीत वाचतं. दांडी नसली तर ते आवाज न करता चिरडतं आणि सकाळी कळतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लं मोठी झाली की दांडी काढून टाक, नाहीतर तीच अडकायला लागतात.

खाली गोणपाट घालू नकोस. त्याचे सुटे धागे पायाला आवळून पाय सुजतो. उसवलेल्या वाकळेचंही तेच. नुसता वर्तमानपत्राचा कागद तर त्याहून वाईट: निसरड्यावर पाय फाकतात, आणि रोज फाकत राहिले की पिल्लू बेडकासारखं पोटावर सरकायला लागतं. कागद तळाला घाल, त्याच्यावर जुनं ब्लँकेट चारी कोपरे खाली घट्ट दुमडून. ओलं झालं की लगेच बदल. पावसात कपडे वाळत नाहीत, तेव्हा वहिनींकडून जुने टॉवेल जास्तीचे मागून ठेव. त्या रागावतील, पण दुसरा इलाज नाही.

बल्ब साधा, तारेचा पिवळा, ६० वॅटचा. एलईडी गरम होत नाही, तो या कामाला शून्य. पिवळा बल्ब आता दुकानात सहज मिळत नाही. हा गेला तर कोंबड्यांच्या पोल्ट्रीवाल्यांकडं ब्रूडरचा, म्हणजे कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायचा, बल्ब मिळतो, पण तो बराच जास्त गरम होतो, तेव्हा उंच टांग. बल्ब खोक्याच्या एकाच कोपऱ्यावर टांगायचा, म्हणजे ज्याला नको असेल त्याला सरकायला दुसरी बाजू राहते. वायरीवर लोंबकळत ठेवू नकोस, साखळीनं बांध. खाली सगळे कपडेच आहेत. थर्मामीटर पिल्लांच्या पातळीला ठेव. पहिल्या आठवड्यात तिथं ३० ते ३२ अंश, दुसऱ्या-तिसऱ्यात २७ ते २९, चौथ्यात २४ पुरे. आणि पिल्लांकडंच बघ की: एकावर एक ढीग करून कुरकुरत असली तर गार आहे, लांब-लांब पडून धापा टाकत असली तर गरम. एकमेकांना नुसती टेकून, झोपेत अंग फडफडवत असली तर सगळं ठीक. ती फडफड बघून घाबरू नकोस, निरोगी पिल्लू तसंच झोपतं.

लाईट जाणारच. प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेव. हाताला सहज धरवेल इतकंच गरम. तासाभरानं बघून बदल, कारण गार झालेली बाटली उलटी पिल्लाची ऊब ओढून घेते. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत अजिबात नको. धूर दिसला नाही तरी कोळशाचा विषारी वायू खोलीत कोंडतो, आणि जमिनीलगतची पिल्लं काय, शेजारी झोपलेली माणसंही उठणार नाहीत.

आता काटा. रोज एकाच वेळी, सकाळी आईच्या पहिल्या पाजण्याआधी, सातही पिल्लं तोल आणि वहीत मांड. ओळखीसाठी गळ्यात लोकरीचा धागा बांधतात, ते नको, मान वाढते आणि धागा रुततो. अंगावरचे डाग लिहून ठेव. पहिल्या दिवशी वजन थोडं उतरलं तर चालतं, दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. नंतर रोज पाच ते दहा टक्के वाढलं पाहिजे, आणि आठ-दहा दिवसांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट व्हायला हवं. म्हणजे ३५० ग्रॅमचं पिल्लू दिवसाला २० ते ३५ ग्रॅम. एक दिवस वाढ थांबली तर लक्ष ठेव, दुसऱ्या दिवशीही नाही किंवा उतरलं, तर ते पिल्लू आजारी आहे असंच धरून चाल, दिसायला कितीही गुटगुटीत असो. डोळ्यांना कळण्याआधी काट्याला कळतं. सारखं केकाटणारं, ढिगापासून बाजूला पडणारं, तोंड आतून कोरडं पडलेलं, लघवी गडद पिवळी होणारं पिल्लू असलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडं ने, दुसऱ्या दिवसावर ढकलू नकोस.

पहिल्या बारा तासांत सातही चीक प्यायली होती का, हे तू लिहिलेलं नाहीस. चिकातून मिळणारं संरक्षण आतडी पहिल्या दिवसातच शोषून घेतात, नंतर तो दरवाजा बंद होतो. एखादं मागं राहिलं असलं तर त्याला आईच्या मागच्या थानांना लाव, तिथं दूध जास्त असतं, आणि दांडग्यांना दहा मिनिटं बाजूला ठेव. पिताना नाकातून दूध आलं तर तोंड उघडून टाळू बघ. फाटलेली असली तर डॉक्टरच.

वरचं दूध लागलंच, तर त्याचं गणित सांगतो. कुत्रीच्या दुधात फॅट आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त, साखर मात्र कमी. म्हणून गाईचं दूध नुसतं दिलं तर वाढ खुंटते. आणि हगवणीच्या भीतीनं त्यात पाणी घालतात ते सगळ्यात वाईट: पोट भरतं आणि पिल्लू उपाशी राहतं. पिल्लांसाठीची दुधाची पावडर डॉक्टरकडून मागवायची, आणि ती येईपर्यंत एक-दोन दिवस काढायला साईसकट २०० मिली उकळलेलं गाईचं दूध, त्यात दोन अंड्यांचे फक्त पिवळे बलक, एक चमचा गोडं तेल. गरम असतानाच फेटून, गाळून घे. पांढरं घालू नकोस. पाजताना कोमट, ३८ अंश, मनगटावर थेंब टाकला तर गरमही नाही आणि गारही नाही. उरलेलं एक दिवस फ्रीजमध्ये, नंतर टाकून दे.

३५० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला सुमारे ५५ मिली, तीन-तीन तासांनी आठ वेळा, म्हणजे एका वेळी सात मिली. रात्रीही. पोटात एका वेळी १४ मिलीहून जास्त मावत नाही, आणि ठासून भरलं तर हगवण ठरलेली. पाजताना पिल्लू पोटावर, डोकं किंचित वर, जसं ते आईला पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं मांडीवर घेतलंस की दूध फुप्फुसात. बाटली उलटी केली की थेंब-थेंब पडावं, धार लागू नये. चोखतच नसलेल्या पिल्लाच्या तोंडात सिरिंजनं दूध सोडू नकोस; त्याला पोटात नळी घालून पाजावं लागतं, ते डॉक्टरसमोर शिकल्याशिवाय करायचं नाही. पाजून झालं की कापूस कोमट पाण्यात भिजवून शेपटीखाली हळू चोळ. तीन आठवड्यांपर्यंत शी-शू आईच्या चाटण्यानंच होते, आई चाटत नसली तर ते काम तुझं.

नाळ दोन-चार दिवसांत वाळून गळते. पोव्हिडोन आयोडीनचा बोळा दिवसातून एकदा, हळद-तेल नाही. बेंबीभोवती लाली किंवा पू दिसला तर दाखवून घे. पहिल्या आठवड्यानंतर नखांची टोकं कापत जा, नाहीतर आईची थानं ओरबाडून निघतात आणि ती पाजायचीच टाळते.

आणि मुंग्या! पावसात लाल मुंग्या कोरडी जागा शोधत येतात आणि दुधाच्या वासावर खोक्यात शिरतात. विटांऐवजी खोक्याला पाय लावता आले तर प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेव. गोचीड-पिसवांसाठी बारीक फणी आणि साबणाच्या पाण्याची वाटी एवढंच. पिसवा फार झाल्या तर रक्त कमी होऊन लहान पिल्लू मरतं, तेव्हा रोज फणी फिरव, पण गोठ्यात मारायचं औषध किंवा जनावरांचं आयव्हरमेक्टिन कुणी कितीही सांगितलं तरी पिल्लांना नको.

आईकडं दुर्लक्ष करू नकोस. पहिले काही दिवस हिरवट-काळा, मग तांबूस स्राव तीनेक आठवडे चालतो. घाण वास आला किंवा तिला ताप चढला, तर गर्भाशयात बिघाड आहे. थानं रोज दाबून बघ. एखादं दगडासारखं, गरम, निळसर लागलं तर दवाखाना. सात पिल्लं ओढतायत, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागेल: अंडी, उकडलेलं चिकन हाडं काढून, भात, नाचण्याची आंबील, आणि पाणी हवं तेवढं. बाळंतिणीला करतात तसा लसूण घालून रस्सा करू नकोस, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. अंग थरथरायला लागलं, पाय ताठ झाले, धाप लागली, तर रक्तातलं कॅल्शियम उतरलंय. पिल्लं लगेच बाजूला काढ आणि गाडी कर. यात तास मोजायचे असतात, सकाळपर्यंत थांबायचं नाही. खानापूरला डॉक्टर नसला तर थेट बेळगावला आण, रात्र असली तरी.

जंताचं औषध चौदाव्या दिवशी, मग दर दोन आठवड्यांनी, आठव्या आठवड्यापर्यंत, आणि त्याच दिवशी आईलाही. पिल्लं पोटात असतानाच जंत त्यांच्यात आईकडून येतात, म्हणून इतक्या लवकर. पायरँटेल किलोला ५ मिलिग्रॅम. प्रत्येक कंपनीच्या बाटलीची तीव्रता वेगळी असते, तेव्हा चमच्यानं न मोजता लेबल वाचून मिलिग्रॅमचा हिशोब कर, किंवा वजनाची वही डॉक्टरपुढं ठेव. शी लगेच उचलून पुर, मुलांना हात धुवायला लाव. हेच जंत माणसालाही होतात.

डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतील, कान त्याच सुमारास. बोटानं उघडू नकोस. मिटलेल्या पापणीखाली फुगवटा किंवा पू दिसला तरच दवाखाना. तीन आठवडे झाले की उथळ ताटलीत पातळ पेज: पिल्लांचं खाणं कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखं, किंवा मऊ भात, उकडलेलं अंडं आणि बारीक चिकन कालवून. पहिले दोन दिवस खाण्यापेक्षा त्यात लोळणंच जास्त होईल. नुसती दूध-भाकरी देऊन वाढवलेली पिल्लं पोटं सुटलेली आणि पाय वाकलेली निघतात, ते गावात बघितलंच आहेस. याच वयापासून माणसांचा, भांड्यांचा, कोंबड्यांचा आवाज कानावर पडू दे, सगळ्यांनी हातात घ्यावं. त्याआधीचे दहा-पंधरा दिवस मात्र बघ्यांना खोलीत सोडू नकोस, आई बिथरली तर पिल्लांवरच उठते.

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. तोवर बाहेरच्या कुत्र्यांशी गाठ नको, आणि बाहेरून आल्यावर चपला खोलीबाहेर. मागणी करणारे आतापासूनच येतील, मुधोळी म्हटल्यावर येतातच. नावं लिहून घे, पण आठ आठवड्यांच्या आत एकही पिल्लू उचलू देऊ नकोस, पैसे आधी देतो म्हणाले तरी.

आठवड्याची वजनं कागदावर मांडून पुढच्या शनिवारी कुणाबरोबर तरी पाठव. काकूंना आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विठ्ठल