बेळगावच्या रविवार पेठेतल्या मिरचीवाल्या शेठजींना

शेठजी, रामराम.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे ताई, मागच्या बिलाचं बोला" म्हणून विषय मोडता. म्हणून हे चार लोकांत लिहितेय. आता मोडा बघू.

उधारी तुम्ही पेठेत सगळ्यांनाच देता, मला दिलीत त्यात काय मोठं, असं कुणी म्हणेल. पण वडगावातल्या दोन खोल्यांत कांदा-लसूण मसाला करणारी बाई दारात आली की लोक एक तर कीव करतात, नाही तर गोड बोलून वाटेला लावतात. एका बँकेत मला घरात कमावतं पुरुषमाणूस कोण, एवढंच विचारलं. तुम्ही विचारलंत, महिन्याला माल किती उचलणार? आणि इतरांना लावता त्याच अटी मला लावल्यात. एक महिन्याचा वायदा, पुढे व्याज. त्या व्याजाचा तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण खात्यावर माझं नाव इतर व्यापाऱ्यांच्या रांगेत बसलं ते त्यामुळेच.

मिरची बघायलाही तुम्हीच शिकवलंत. पोत्याच्या तोंडाची नाही, हात कोपरापर्यंत घालून मधली काढायची. मुठीत दाबायची. कडकड वाजली तर वाळलेली, मऊ लागली तर वजनासाठी पाणी मारलेली. हलवून बघायची, आत बी खुळखुळलं पाहिजे. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, आणि संकेश्वरीचा भाव डोक्यावर गेला की थोडी गुंटूर. शीतगृहातली ब्याडगी रंग धरून असते, पण तिथलं भाडं भावात चढलेलं असतं, हेही तुम्हीच सांगितलंत. मिरची विकणाऱ्यानेच मिरचीतली लबाडी उघडी करून दाखवावी, हे पेठेत रोज घडत नाही.

मग हिशोब. देठ खुडले, माती झटकली, उन्हात दोन दिवस घातली की दहा किलोचे नऊसुद्धा उरत नाहीत. ही घट, कांडपाची मजुरी, तळणाचं तेल आणि माझा स्वतःचा रोज धरून तुम्ही मसाल्याचा भाव काढलात, तेव्हा कळलं की मी इतके दिवस गल्लीला फुकट जेवू घालत होते. त्यात माझा रोज धरायला तुम्ही लावलात. घरच्यांनी तो कधीच धरला नव्हता.

चंदगडच्या दुकानदाराने माल मागितला तेव्हाचं तर विसरणारच नाही. कर्नाटकातलं बाची गाव ओलांडलं की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. आमच्या सोयरिकी तिकडे, बाजारहाट इकडे, त्यामुळे ती हद्द आम्हाला जाणवतच नाही. तुम्ही म्हणालात, माणसाला नसेल, बिलाला असते. राज्यातल्या राज्यात माल विकताना ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला जीएसटी नोंदणी लागत नाही, पण मसाला परराज्यात पाठवायचा तर पहिल्या पाकिटापासून लागते. आणि सोपी म्हणून जीएसटीची कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची, घेतली तर परराज्यात विकताच येत नाही. गाडी भरायच्या आधी हे सांगणारा माणूस सीमेवरच्या प्रत्येक छोट्या धंदेवाल्याला भेटो. अन्नसुरक्षेची नोंदणी तर किरकोळ निघाली. तेव्हा १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला १०० रुपये होते.

दळणयंत्रासाठी केंद्र सरकारच्या पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या, योजनेचं कळलं तेव्हा ३५ टक्के अनुदान ऐकून मी हवेत होते. "अनुदान मोजू नका, हप्ता मोजा," म्हणालात. बरोबरच होतं. ते पैसे हातात येत नाहीत, बँकेत अडकून राहतात आणि खातं नीट चाललं तर तीन वर्षांनी कर्जात वळते होतात. हप्ता मात्र पुढच्याच महिन्यात दारात.

आमच्याकडे अजून बोलतात, बाहेरच्यांनी येऊन पेठ बळकावली. तुमचे आजोबा राजस्थानातून आले, तुम्ही बेळगावात जन्मलात, तरी तुम्ही बाहेरचेच. बोलणाऱ्यांच्या घरी पाहुणा आला की ताटात कुंदा वाढतात, आणि तो पहिल्यांदा मारवाडी हलवायाच्या कढईत झाला हेही तेच कौतुकाने सांगतात! स्पर्धा होते हे खरं. आमच्या गल्लीतलं एक किराणा दुकान तुमच्या लोकांच्या भावापुढे टिकलं नाही, त्याचं मला वाईट वाटतं. पण त्या दुकानदाराने मला कधी घट शिकवली नव्हती, हेही लिहायला हवं.

तुम्ही हमालाशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत आणि फोनवर मारवाडीत एकाच दमात बोलता. कर्नाटकच्या २०२४ च्या कायद्याने दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड आलं, तेव्हा पेठेत केवढी चर्चा. तुम्ही रंगाऱ्याला बोलावलंत आणि परत तागडीकडे वळलात. मला ते पूर्ण पटलं नव्हतं, अजूनही नाही. भाषेचं दुखणं आम्हाला १९५६ पासूनचं आहे, तुम्हाला नाही. यावर आपण चहावर भांडलोय आणि पुढेही भांडू.

भाभींना नमस्कार सांगा. त्यांनी दिलेल्या राजस्थानी सुक्या केर-सांगरीची भाजी मी कांदा-लसूण मसाला घालून केली, ते त्यांना कळू देऊ नका.

आणि हो, नव्या हंगामातली ब्याडगी आली की पहिली दहा पोती माझ्या नावाने बाजूला काढा. भाव आधी कळवा. गेल्या खेपेला संकेश्वरीत किलोमागे चार रुपये जास्त लावलेत, ते मी वहीत लिहून ठेवलंय.

तुमची,
वडगावची मसालेवाली