रविवारची फेरी : ब्रेक तपासूनच या

सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी आपल्या मोटर बसवलेल्या सायकलींची फेरी. सकाळी ६ वाजता सोलापूरच्या पार्क चौकात जमायचं, तिथून तुळजापूर रोडने हिप्परगा तलाव. ऊन चढायच्या आत परत.

ब्रेकचं मात्र मनावर घ्या. मोटर बसवली की सायकल जड होते, वेगही वाढतो. ब्रेकचे जुने रबर पुरत नाहीत. मागच्या फेरीत उतारावर माझं रबर संपून रिमवर लोखंड घासलं. आपल्या वयात पडणं परवडत नाही हो!

• मोटर २५० वॅटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आतच. त्यापुढे नोंदणी आणि लायसन्स लागतं. पेट्रोल इंजिनवाल्या सायकली आणू नयेत.
• फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावूच नका.
• हेल्मेट, पाणी, बीपी-शुगरच्या गोळ्या.

स्पोक सैल असतील त्यांनी साडेपाचलाच यावं, मी पाना घेऊन थांबतो.