पिशवी काढल्यानंतरचं कोण सांगणार?

संपादक साहेब, नमस्कार.

माझ्या वडिलांचं जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, अख्खी पोटाची पिशवी काढून अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली. सही घेताना डॉक्टरांनी रक्तस्राव, इन्फेक्शन, न्यूमोनिया, पायात गुठळ्या सगळं नीट सांगितलं, आणि सगळ्यात मोठी भीती जोड लीक होण्याची, त्यामुळे ताप आला, दम लागला की नाडी पळायला लागली तर लगेच नर्सला सांगा म्हणून बजावलं. ते पहिले १० दिवस आम्ही जीव मुठीत धरून काढले. बाबा त्या तीन बॉलच्या यंत्रात श्वास ओढायचे, दोन बॉल वर जायचे, तिसरा काही केल्या हलायचा नाही. पण जोड टिकला, वाटलं सुटलो.

घरी आल्यावरचं मात्र कुणी बोललंच नव्हतं. जेवले की १५-२० मिनिटांत छाती धडधडायची, दरदरून घाम, पोटात कळ, जुलाब, एकदा तर हार्ट अटॅक समजून रात्री पळापळ केली. याला डम्पिंग म्हणतात हे तेव्हा कळलं, पिशवीच नाही तर अन्न थांबणार कुठे, ते धाडकन आतड्यात उतरतं. दिवसातून ६ वेळा थोडं थोडं खायचं, गोड कमी, पाणी जेवताना नाही तर मधल्या वेळात, एवढ्याने खूप फरक पडला हो!

त्याहून वाईट बी-१२ व्हिटॅमिनचं. ते शोषायला लागणारा घटक जठरातच बनतो, जठर गेलं की तोही गेला, पण शरीरातला जुना साठा काही वर्षं पुरतो म्हणून लगेच काही दिसत नाही. तिसऱ्या वर्षी बाबांच्या पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि त्यांना पत्ताच नसायचा, आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं. बी-१२ कमी पडून पाय बधिर झालेत हे नंतर कळलं, तेव्हा डिस्चार्ज कार्ड परत काढून वाचलं, बी-१२ च्या इंजेक्शनचा एक शब्द नाही. आता इंजेक्शनं चालू आहेत, थकवा गेला, पायाचा बधिरपणा पूर्ण गेलेला नाही.

डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती, बी-१२ आयुष्यभर लागणार, आयर्न आणि कॅल्शियम तपासत राहायचं, हे कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरच्यांना समोर बसवून सांगा. आणि ज्यांच्या घरात पूर्ण जठर काढलेलं माणूस आहे त्यांनी कृपया आजच फाईल उघडून बघा, बी-१२ चालू आहे ना.

एक वाचक