पाय फक्त खाली सोडून बसा

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

दर रविवारी फोनवर तुम्ही विचारता, "प्रबंध कुठवर आला?" आणि मी म्हणते, "चाललंय." काही चाललेलं नव्हतं. चौदा महिने मी ती फाइल उघडलीच नव्हती. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते आहे.

आळस नव्हता तो. रोज उठताना ठरवायचे, आज तिसरं प्रकरण संपवायचं. अख्खं प्रकरण! मग टेबलापाशी जायचीच धास्ती वाटायची. गाइडची मेल दिसली की पोटात गोळा यायचा. जरा उभारी येऊ दे, मग बसू, असं म्हणत वाट बघत राहिले आणि ओझं वाढत गेलं.

शेवटी एका समुपदेशक बाईंकडे गेले. (आई, घाबरू नकोस. जायला उशीर केला, एवढंच वाईट वाटतं.) त्या म्हणाल्या, उभारी आधी येत नाही, कामाच्या मागून येते. पीटर लेविन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात नैराश्याबद्दल हेच मांडलं होतं. मन खचलं की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. सोडत गेला की बरं वाटावं असं दिवसात काही उरत नाही, आणि मन आणखी खचतं. हे चक्र मनाच्या बाजूने तुटत नसेल, तर हातापायांच्या बाजूने तोडायचं.

मग त्यांनी विचारलं, सगळ्यात लहान पाऊल कोणतं? मी म्हटलं, एक पान लिहीन. "मोठं आहे." बरं, एक परिच्छेद. "तोही मोठाच." अखेर ठरलं: फाइल उघडायची, शेवटचं वाक्य वाचायचं, बंद करायची. मला रडूच आलं. माझी झेप आता एवढीच?

आणि बाबा, तुम्ही आठवलात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या होत्या, "आत्ता चालायचं नाही. पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसा फक्त." तुम्ही किती चिडलात! "एवढ्यासाठी का ऑपरेशन केलं?" आई शेजारी उभी राहून आकडे मोजत होती. मग वॉकर धरून उभं राहणं, मग दारापर्यंत जाणं. त्या दिवसांत तुम्हाला कमी लेखावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं. स्वतःला मात्र मी रोज कमी लेखत होते.

वेळ मी घड्याळावर ठरवली नाही. गोलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की 'अमुक झालं की तमुक करीन' अशी गाठ बांधली तर काम हातून होण्याची शक्यता वाढते. म्हणून ठरवलं, दात घासून झाले की फाइल. पहिल्या दिवशी उघडली तर शेवटचं वाक्य होतं, 'यावरून असे दिसते की'. पुढे काहीच नाही. चौदा महिन्यांपूर्वी मी तिथेच उठले होते. पाच दिवस नुसतं ते वाचून बंद केलं. सहाव्या दिवशी राहवेना, वाक्य पुरं केलं.

आज एकोणीस दिवस झाले. मधे एक गुरुवार चुकला. आता संपलं सगळं, असं वाटून दिवसभर पडून होते. लंडनच्या एका अभ्यासात ९६ जणांच्या सवयी तपासल्या होत्या. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. शुक्रवारी तेवढ्या आधारावर परत उघडली. गाइडना दोन ओळींची मेलही गेली आहे.

बाबा, आई सांगत होती, तुम्ही फिरायला जाणं सोडलंय. फिरू नका. चपला घालून दारात उभे राहा, परत आत या.

आणि येत्या रविवारी 'कुठवर आला' असं विचारू नका. 'आज उघडलीस का' एवढंच विचारा. मी खरं सांगेन. मग मीही विचारीन, चपला घातल्या का.

तुमची,
धाकटी